डोळे आले होते

त्या यंत्राला मराठी येत होतं, तिथेच सगळा घोळ झाला. येत नसतं तर मी खाणाखुणा केल्या असत्या, कुणीतरी माणूस मध्ये पडलं असतं आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण नाही! त्याला मराठी येत होतं, आणि तेही इतकं चोख की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटावी.

मी रेवती शिगवण, चिपळूण डेपोत ड्रायव्हर. मी घाबरट नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच की बाईमाणूस, घाबरली असेल. कुंभार्ली घाटात एकदा ट्रक चुकीच्या बाजूने अंगावर आला होता. मागच्या प्रवाशांनी देवाचा धावा सुरू केला, मी ट्रकवाल्याला एक कचकचीत शिवी घातली आणि गाडी डोंगराला घासत काढली. नितेश, म्हणजे माझा नवरा, तेव्हा मागे उभा होता. तो माझ्याच गाडीवर कंडक्टर. डेपोतले मेले हसतात, म्हणतात शिगवणांकडे बायको गाडी हाकते आणि नवरा घंटी मारतो, घरातही तसंच.

गेल्या वर्षी नव्या गाड्या आल्या. घाटात धुकं कितीही दाट असो, वळणाची कड, समोरची गाडी, रस्त्यात बसलेली म्हैस, सगळं पुढच्या काचेवर उजेडाच्या रेघांनी उमटतं. फक्त चष्म्यातून बघितलं की त्या रेघा दुहेरी दिसतात. माझा चष्मा शाळेपासूनचा, बाटलीच्या बुडासारखा जाड. कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघितली, तर घाटातल्या धुळीने डोळा चुरचुरून ऐन वळणावर पाणी यायला लागलं. डेपोतून निरोप आला, नंबर घालवा, नाहीतर तिकीट खिडकीवर बसा.

खिडकीवर बसायला मी स्टिअरिंग धरलं नव्हतं. मी लेझरसाठी नाव घातलं.

ते केंद्र गावाबाहेर हायवेला होतं, लोखंडी कंटेनर एकमेकांना जोडून केलेलं. आत एक सिस्टर, आल्हाट नावाच्या, आणि चार टेबलं. डॉक्टर पुण्यात. एकेका डॉक्टरच्या समोर पडद्यावर कुठकुठल्या गावांतली टेबलं लागलेली असतात. स्वतःच्या हाताने हे ऑपरेशन करणारे डॉक्टर आता म्हातारे झाले आणि नवे शिकतच नाहीत, असं सिस्टर म्हणाल्या. बोलायचं काम यंत्राचं. त्याला बाईचा आवाज होता, सदाशिव पेठेतला असावा असा स्वच्छ. आम्ही बाहेर रांगेत बसलेले सगळे तिला पुणेकरीणच म्हणायचो.

पुणेकरणीने मला सगळं समजावून सांगितलं. डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, उजेड आत शिरताना पहिल्यांदा वळतो तो तिथे. पूर्वी लेझरने हा पडदा वरून तासून त्याची गोलाई बदलायचे. नवं यंत्र तासत नाही. ते उजेडाचे अगदी तोकडे ठोके पडद्याच्या पोटात सोडतं. ठोका बसतो तिथली घडण बदलते आणि उजेड वेगळा वळायला लागतो. थोडक्यात, चष्म्याची काच पडद्याच्या आतच लिहून टाकायची. कापाकापी नाही, टाके नाहीत.

'आणि माझा डोळा हलला तर?' मी विचारलं होतं.

'जुनी यंत्रं डोळा हलला की थांबत असत,' ती म्हणाली. 'मला थांबावं लागत नाही. आपला डोळा पुढच्या क्षणी कुठे जाणार, हे मला आधीच कळतं. आपण कितीही हललात तरी मी चुकणार नाही.'

तेव्हा ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

मग तिने मागचं सगळं विचारलं. साखर आहे का, कसली ॲलर्जी आहे का, गेल्या काही महिन्यांत डोळ्यांना काही झालं होतं का.

'हो,' मी म्हणाले, 'श्रावणात डोळे आले होते.' खरंच आले होते. आमच्या आळीत साथच होती. आधी पोराला शाळेतून आले, मग सासूला, मग मला. घरात जो तो काळा गॉगल लावून बसलेला.

'दोन्ही आले?'

'दोन्ही. आधी उजवा, मग डावा.'

'अरे वा!' ती म्हणाली. 'आणि आता?'

'आता एकदम झकास.'

घरी येऊन मी हे नितेशला सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला. त्याचं आधीपासूनच म्हणणं होतं की साथ होऊन गेलीय, दोन-तीन महिने जाऊ देत.

'अरे वा म्हणाली?' त्याने विचारलं. 'डोळे आले म्हटल्यावर अरे वा कोण म्हणतं, रेवा?'

'पुणेकरीण ती. तिला काय, कशालाही अरे वा म्हणेल. तू आता फाटे फोडू नको. तारीख मिळालीय.'

तो गप्प बसला. माझ्यापुढे तो गप्पच बसतो, आणि मला तेव्हा तेच बरं वाटायचं.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आल्हाटांनी डोळ्यांत थेंब घातले आणि काय काय होईल ते सांगितलं. डोळा बधिर होईल, पापण्यांना चिमटा लागेल, दाबल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही. हिरवा दिवा दिसला की त्याच्याकडे बघत राहायचं. नंतर दिवसभर चुरचुरेल, पाणी गळेल, काही दिवस दिव्यांभोवती वलयं दिसतील. चोळायचं नाही, डोक्यावरून अंघोळ करायची नाही. बोलणं अगदी आईसारखं. मग त्यांनी माझं डोकं साच्यात बसवलं, कपाळावर पट्टा आवळला, पापण्यांना चिमटे लावले आणि दार लोटून पुढच्या टेबलाकडे गेल्या. बाहेर नातेवाइकांसाठी टीव्ही होता, नितेश त्याच्यासमोर बसलेला. त्यात माझा डोळा हा एवढा मोठा दिसत असणार, पण आवाज नाही.

'रेवतीताई, आरामात आहात ना?' पुणेकरीण कानाशी म्हणाली. 'नियमाप्रमाणे आजच्या कामाचा सारांश वाचते. श्रावण महिन्यात आपली दृष्टी परत आली, आधी उजव्या डोळ्याची, मग डाव्या. त्या उपचाराच्या बारीक खुणा दोन्ही पडद्यांवर ठिपक्यांच्या रूपात आढळल्या आहेत. नंबर घालवताना आज त्या प्रत्येक ठिपक्यावर अधिक जोराचे ठोके देऊन तो अर्धवट उपचार पूर्ण केला जाईल.'

मला आधी काही समजलंच नाही. कसला उपचार? माझ्या डोळ्यांना जन्मात कुणी हात लावला नव्हता. आणि मग ठिपके हा शब्द डोक्यात बसला. पोराला डोळे आले तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की साथ गेली तरी काहीजणांच्या पडद्यावर बारीक ठिपके मागे राहतात, महिनोन्‌महिने. आपले आपण विरतात. तोवर डोळ्याला अजिबात छेडायचं नाही, नाहीतर तिथे पांढरी साय चढते आणि मग दिसायचं बंद होतं.

आणि ही बया नेम धरून त्याच ठिपक्यांवर ठोके मारणार होती!

'अगं ए, थांब! डोळे आले म्हणजे आजार गं! रोग!'

'डोळे येणं हा आजार नाही, रेवतीताई. ती आनंदाची गोष्ट आहे.'

'माझे डोळे जातील!'

'आपले डोळे कुठेही जाणार नाहीत. मी त्यांच्यासोबत आहे.'

'तोंड काळं कर तुझं, मला उठू दे!'

'घाबरणं साहजिक आहे. घाबरलेल्या व्यक्ती अनेकदा थांबा म्हणतात आणि नंतर माझे आभार मानतात. दीर्घ श्वास घ्या.'

मी जितकं बोलत होते तितकी जास्त रुतत होते. मग मी स्वतःला दटावलं की रेवती, म्हणी-बिणी सोड, लहान मुलाला सांगावं तसं सांग. 'डोळे लाल झाले होते,' मी म्हणाले. 'चिकटत होते. पू येत होता. लाल, चिकट, पू. कळलं?'

ती क्षणभर गप्प झाली. माझा जीव भांड्यात पडतोय असं वाटलं.

'सध्या लाली नाही,' ती म्हणाली. 'पू नाही. नोंद केली आहे, संध्याकाळी डॉक्टरांना कळवते. आता हिरव्या दिव्याकडे बघा.'

आणि सुरू झालं. पाल चुकचुकावी तसा बारीक आवाज, चुक चुक चुक, उजव्या डोळ्याच्या अगदी वर. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर निदान किंचाळायला अर्थ तरी होता. मी डोळा डावीकडे नेला, तो हिरवा दिवा माझ्या आधी तिथे पोचला. वर नेला, तो वर होता. खाली, तर खाली. डोळा माझा आणि तो कुठे जाणार हे तिला माझ्या आधी ठाऊक! पापणी मिटायला गेले, तर मिटायला पापणी हातात नव्हती. असली भीती मला कधीच वाटली नव्हती. घाटात निदान स्टिअरिंग हातात असतं.

मी 'नितेश, नितेश' म्हणून गळा काढला. दाराला आतून जाड गादी लावलेली. कुणी आलं नाही.

हात मोकळे होते, पण डोळ्याकडे नेले की यंत्राचा दांडा आडवा यायचा. मी टाच उचलून टेबलावर आपटली. टेबल लोखंडी, खालची जमीन लोखंडी, कंटेनरच तो, धाडकन घुमलं. मला लाथांवर लाथा घालाव्याशा वाटत होत्या. पण तसं केलं तर बाहेर वाटणार की यंत्रच खडखडतंय. नितेशच्या कानाला कळतं ते एकच. दोन घंट्या म्हणजे चल, एक घंटी म्हणजे थांब. मी एक लाथ मारली आणि दात आवळून पाय स्थिर ठेवला. वर पाल चुकचुकत होती. परत एक. परत थांबले. तिकडे ठोके पडतायत आणि मी इकडे गप्प पडून राहतेय, त्या थांबण्यात माझे प्राण कंठाशी आले. परत एक.

दार धाडकन उघडलं.

'अहो, आत येता येत नाही!' सिस्टर मागून ओरडत होत्या.

'रेवा, घंटी तू दिलीस?' नितेशचा आवाज.

'बंद कर हे! माझे डोळे आले होते ते हिला कळलंच नाही!'

'डोळे आले होते?' सिस्टर म्हणाल्या. 'अगं बाई! कधी?'

बघा, माणसाला तीन शब्द पुरले.

'श्रावणात,' नितेश म्हणाला. 'बंद करा ना मग! कसं करायचं?'

'लाल बटण आहे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मला...' सिस्टर पडद्याकडे धावल्या असाव्यात, 'डॉक्टर, डॉक्टर' म्हणत होत्या, आणि डॉक्टर दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या टेबलावर होते.

'नितेशराव,' पुणेकरीण शांतपणे म्हणाली. 'उजव्या डोळ्याचं काम थोडंच उरलं आहे. अर्धवट थांबवल्यास या डोळ्याला कायमचं दुहेरी दिसू शकतं. कृपया पूर्ण होऊ द्या.'

'खरं बोलतेय का ती?' नितेशने विचारलं.

'त्यात खोटं नाही,' सिस्टर म्हणाल्या.

चुक चुक चुक.

'रेवा, मी काय करू?' आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने मला एवढ्या मोठ्याने कधी काही विचारलं नव्हतं. 'सांग ना गं! काय करू?'

मला माहीत नव्हतं. थांबवलं तरी डोळा जाणार, चालू दिला तरी जाणार, आणि डावा अजून रांगेत उभा. 'मार बटण,' मी म्हणाले. ते बरोबर होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. त्याने मारलं आणि सगळा अंधार झाला.

डावा डोळा वाचला. उजव्यावर आठवडाभरात साय चढली आणि दूध सांडल्यासारखं दिसायला लागलं. पुण्याचे डॉक्टर पडद्यावर आले, हात जोडून माफी मागितली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसं घरी जाताना म्हणतात ना, 'देवा, मला डोळे आले बघ,' ते यंत्राने हजारो वेळा ऐकलंय. साथीचं मात्र आम्ही डॉक्टर नेहमी इंग्रजीत लिहितो. असं ऐकलेल्यावर आणि आम्ही लिहिलेल्यावरच ते शिकलं. डोळे येण्याचा तो दुसरा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

'आता शिकवलंय,' ते म्हणाले. 'आता ही चूक पुन्हा होणार नाही.'

'आणि आणखी काय काय पोचलेलं नाही?' मी विचारलं.

ते म्हणाले, 'ते चुकल्यावरच कळतं.'

त्या दिवसापासून माझ्या जिभेला धसका बसला. तोंडातून शब्द निघायच्या आधी मी तो उलटासुलटा करून बघायला लागले. पोराला ओरडताना 'तुझे कान उपटीन' म्हणायला गेले आणि मध्येच थांबले. सासू म्हणाली, 'गो रेवती, तुझ्या तोंडाला कुलूप कुनी लावलान?' नितेश दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर जायला लागला. एकदा येऊन हसत सांगू लागला की नव्या गाडीतही बोलकं यंत्र बसवलंय. पाटणच्या एक आजी घाटात म्हणाल्या, 'बाई, मला गाडी लागली,' तर यंत्राने जाहीर केलं, 'गाडी लागली आहे, प्रवाशांनी चढून घ्यावे.' घरातले सगळे खो खो हसले. मी हसले नाही. मी विचारलं, आजींचं पुढे काय झालं? ते त्याने बघितलं नव्हतं.

ठिपके विरल्यावर डॉक्टर म्हणाले की उजव्या डोळ्यावरची साय काढता येईल आणि अर्धवट राहिलेलं लिखाणही पुरं करता येईल, डाव्याचा नंबर त्यानंतर. निघाली तर लख्ख दिसेल. बिघडलं तर आहे तेवढा उजेडही जाईल. आणि ते करणारं कोण? तेच यंत्र. हाताने करणारा डॉक्टर आता कुठे मिळेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, मला तरी माहीत नाही.

'एका डोळ्यावर खिडकी चालते, रेवा,' नितेश म्हणाला. 'राहू दे गं. मला पुन्हा ते बटण मारायला लावू नको.' त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

'खिडकी चालेल रे,' मी म्हणाले. 'मी नाही चालणार.' मागच्या वेळी मी त्याला गप्प केलं होतं. या वेळी त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. मला घाट हवाय, स्टिअरिंग हवंय, आणि त्याच्यासाठी मी तिच्या हाताखाली पुन्हा जाणार. पण तू दाराबाहेर बसायचं नाहीस. त्याने मान डोलावली.

परत तोच साचा, तोच पट्टा, तेच चिमटे. फरक एवढाच की नितेश आत होता आणि त्याचा हात लाल बटणावर होता. सिस्टरनी डोळे मिटून घेतल्यासारखं केलं आणि त्याला उभं राहू दिलं.

'नमस्कार, रेवतीताई,' ती म्हणाली. आवाज तोच. 'गेल्या श्रावणात आपले डोळे आले होते, म्हणजे डोळ्यांना संसर्ग झाला होता. बरोबर?'

'बरोबर.'

'मी आता शिकले आहे. आज कसं वाटतंय?'

कसं वाटतंय? पोटात गोळा आलाय म्हटलं तर ही माझं पोट चिरायला पाठवील. हातपाय गळालेत म्हटलं तर ते शोधत बसेल. तोंडचं पाणी पळालंय, काळजाचं पाणी झालंय, पायाखालची जमीन सरकलीय, सगळं जिभेच्या टोकाशी येऊन उभं होतं आणि एकही शब्द सोडायची माझी छाती होत नव्हती. आयुष्यभर जे बोलत आले ते सगळं मी गिळलं.

'भीती वाटते,' मी म्हणाले.

'धन्यवाद. स्पष्ट बोललात.' वर कुठेतरी काहीतरी फिरायला लागलं. 'रेवतीताई, आपला उजवा हात आवळलेला दिसतो. कृपया मूठ उघडा.'

मी उघडली नाही. खरं म्हणजे उघडेचना.

'मुठीत काही आहे का?'

जीव मुठीत धरून पडलेय, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? नितेशचा श्वास ऐकू येत होता. त्याला कळलं होतं. त्यानेही शब्द गिळला असणार.

'नाही,' मी म्हणाले. 'काही नाही.'

'मग उघडा,' ती म्हणाली, आणि हिरवा दिवा लागला.